सुकदेव नानांचा इग्वाना

जानेवारीतली गोष्ट. धुळ्यात त्या आठवड्यात बोचरी थंडी पडली होती आणि ऑफिसात आम्ही सगळे हात काखेत धरून बसलो होतो. जळगावहून फोन आहे म्हणून शिपायाने मला हाक मारली. पलीकडून मेहरूणच्या रुख्माअक्का बोलत होत्या. सुकदेव नानांच्या खोलीला लागून त्यांची पिठाची गिरणी आहे. फोनची सवय नसल्यामुळे त्या ओरडूनच बोलत होत्या. “साहेब, नाना गेलेत. काल सरकारी दवाखान्यात नेलं, आज सकाळी गेलेत. आणि ते जनावर पार गार पडेल शे. जित्तं शे का मरेल शे, काहीच समजत नही. तुम्ही लवकर या.” येतो म्हणालो आणि फोन ठेवला. पुढच्या शनिवारी नक्की येतो, असं मी नानांनाही सांगितलं होतं. त्याला पाच शनिवार उलटून गेले होते.

नाना माझे नातेवाईक नव्हते. ते माझे पेशंट होते. मी कुष्ठरोग तंत्रज्ञ. चट्टे शोधायचे, गोळ्या द्यायच्या, जखमा बांधायच्या, ही माझी नोकरी. हजारो माणसं हाताखालून गेली. त्यातल्या एकाविषयी लिहायला बसलोय, कारण त्या एकाचं माझ्याकडे काही राहून गेलं आहे.

आमची ओळख झाली तेव्हा मी नोकरीत नवा होतो आणि धुळ्यात घरोघर, दुकानोदुकानी फिरत होतो. आग्रा रोडच्या एका बोळात नाना पाट्या रंगवत. चाळिशीच्या आतबाहेरचा, उंच, किडकिडीत माणूस. त्या दिवशी एका साडीच्या दुकानाची पाटी चालली होती. उजव्या हातात ब्रश, डाव्या हाताच्या दोन बोटांत विडी. मी बाजूला उभा राहून त्यांची अक्षरं बघत होतो. खडूने मारलेल्या दोन रेघांच्या मधून त्यांचा हात असा सरकत होता की बघत राहावं... आणि मला जळाल्याचा वास आला. विडी पार बोटांपर्यंत आली होती, कातडी करपत होती आणि नाना शांतपणे वेलांटीला वळण देत होते. मी त्यांच्या हातातली विडी उपटून फेकली. त्यांनी आधी रागाने माझ्याकडे पाहिलं, मग बोटांकडे. नंतर बराच वेळ बोटांकडेच.

दुकानाच्या मागे नेऊन मी त्यांना डोळे मिटायला सांगितले. कापसाची वात हाताला लावली की ‘लागली’ म्हणायचं. ते तीनदा ‘लागली’ म्हणाले. तिन्ही वेळा मी वात लावलेलीच नव्हती. मी रोगाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, “साहेब, गोळ्या मी खाईन. दर महिन्याले दुकानावर या. फक्त घरी येऊ नका.” मी कबूल केलं.

ते मी पाळलं नाही. पुढे दोन महिने नाना भेटले नाहीत. तापीकाठच्या एका यात्रेत पाळणेवाल्यांच्या पाट्या रंगवायला ते गेले होते, हे मला नंतर कळलं. घरातल्या माणसांची तपासणी राहिली होती आणि ती करणं माझं काम होतं. एरवी मी सायकलवर, साध्या कपड्यांत जायचो. कोण आलं, कशाला आलं, कुणाला कळायचं नाही. पण मे महिना होता, ऊन डोक्यात जात होतं, आणि आमची जीप त्याच बाजूला निघाली होती. मी जीपमध्ये बसलो. त्या जीपच्या दोन्ही दारांवर ठळक अक्षरांत रोगाचं नाव लिहिलेलं होतं. ती मी नानांच्या दारासमोर उभी केली. त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी सुनंदा हिने दार उघडलं, मला पाणी दिलं. मी तिच्या आईला, कमलताईंना सगळं समजावलं, पोरीचे हात, पाठ तपासली. एकही चट्टा नव्हता. मी समाधानाने वहीत तशी खूण केली. दार सगळा वेळ उघडं होतं आणि जीपभोवती गल्ली गोळा झाली होती.

पंधरा दिवसांत ते घर राहिलं नाही. आधी नळावर कमलताईंची कळशी बाजूला सारली गेली, मग शाळेत सुनंदाच्या शेजारी कुणी बसेना. कमलताई मुलीला घेऊन पाचोऱ्याला भावाकडे निघून गेल्या. नाना यात्रेहून परतले तेव्हा दाराला कुलूप होतं. काही दिवसांनी त्यांनीही धुळं सोडलं. त्यांनी मला विचारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर... पण त्यांनी काहीच केलं नाही. जाण्याआधी माझ्याकडून तीन महिन्यांच्या गोळ्या तेवढ्या मागून नेल्या.

चारेक वर्षांनी माझी बदली जळगावला झाली. मेहरूण तलावाच्या बाजूला फिरताना एका टपरीवर ओळखीची अक्षरं दिसली. विचारत विचारत गेलो, तर गिरणीशेजारच्या खोलीत नाना. एव्हाना नवी औषधं आली होती. दोन वर्षांत त्यांचा रोग पूर्ण गेला. ‘रोगमुक्त’ असा कागद मी स्वतः त्यांना नेऊन दिला. पण मेलेल्या नसा औषधाने परत येत नाहीत. हाताची बोटं आत वळली होती, डाव्या पायाची तीन बोटं झडली होती. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ते ब्रश मनगटाशी बांधायचे आणि नंबरप्लेटा, छोट्या पाट्या रंगवायचे. कमलताईंनी ना कधी पत्र पाठवलं, ना कधी त्या आल्या.

कागद मिळाला त्याच वर्षी जळगावात जनावरांचा एक फिरता खेळ आला. त्याच्या बोर्डावर नानांनी तोंडातून जाळ काढणारा भलामोठा ड्रॅगन रंगवला. आत काचेच्या पेटीत प्रत्यक्षात हातभर लांबीचा, मरगळलेला, हिरवट सरडा होता. नाना रोज बोर्ड रंगवायला जात आणि रोज त्याला बघत. खेळ उठला त्या दिवशी मालकाने तो सरडा उचलून गटाराच्या कडेला टाकला. दोन दिवसांत मरेल, गाडीत घाण नको, असं तो म्हणाला. नानांनी अंगातला शर्ट काढला, सरडा त्यात गुंडाळला आणि बनियनवर मेहरूणपर्यंत चालत आले.

मला वाटलं घोरपड आहे. नाना म्हणाले, “घोरपडी मी लहानपणी शेतात ढीगभर पाह्यल्यात. ही घोरपड नही. याच्या पुढे अंडं ठेवलं, तोंड फिरवलं. शेवग्याचा पाला ठेवला, तर खाल्ला.” त्यांनी एका पुठ्ठ्यावर त्याचं चित्र काढलं. पाठीवरचे काटे, गळ्याखालची पिशवी, लांबच लांब शेपटी, सगळं. मी ते चित्र धुळ्याला प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “हे कुणी काढलं? अहो, हा इग्वाना आहे. दक्षिण अमेरिकेतला. इथे कसा आला?” मग त्यांनी कागदावर लिहून दिलं : झाडपाला, फुलं, सकाळचं ऊन, रोज पाणी, आणि थंडीत ऊब, ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही, आणि मरतो. तो कागद नानांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. इग्वाना हे नाव त्यांच्या तोंडी बसेना. ते त्याला ‘पाहुणा’ म्हणायला लागले.

पाहुणा बारा वर्षं राहिला. आधी नानांनी त्याला चहाच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं. तो वाढत वाढत शेपटीसकट माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा लांब झाला, तेव्हा एक मोडकं लाकडी कपाट आणून त्याची दारं काढली, जाळी ठोकली, आत जाडसर फांदी बसवली आणि वर साठचा बल्ब लावला. सकाळी तलावाकडे जाऊन जास्वंदीची फुलं, घोळ-तांदुळज्याचा पाला गोळा करायचा. विळीवर पाला चिरायला बोटं चालत नसत, म्हणून दोन्ही तळव्यांत धरून तो कुस्करायचा. मग पाहुण्याला घमेल्यात कोमट पाण्यात बसवायचं. उन्हाळ्यात जळगाव भाजून निघायचं तेव्हा दाराला ओलं गोणपाट लावायचं आणि दर तासाला पाल्यावर पाणी शिंपडायचं. ते थेंब पाहुणा जिभेने टिपायचा. मी नानांना रोज अर्धा तास पाय पाण्यात भिजवून तेल लावायला सांगितलं होतं. वर्षानुवर्षं त्यांनी ते टाळलं. पाहुण्याच्या आंघोळीबरोबर मात्र तेही सुरू झालं. एका घमेल्यात तो, दुसऱ्यात नानांचे पाय.

पाहुणा कात टाकायचा, पण सापासारखी एकसंध नाही. तुकडे तुकडे निघायचे आणि पायाच्या बोटांवर जुन्या कातड्याची कडी अडकून राहायची. ती वाळली की आवळते, बोटाला रक्त जाईनासं होतं आणि बोट काळं पडून गळतं. खेळवाल्याकडे असतानाच त्याचं एक बोट असं गेलं होतं. नाना त्याला मांडीवर घेऊन कोमट पाण्याने आणि खोबरेल तेलाने ती कडी भिजवत बसायचे. बोटांनी काढता येत नसे, म्हणून ओठांत धरून अलगद ओढायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळस आली आणि मी ती बोलूनही दाखवली. नाना कातडीचा तुकडा बाजूला थुंकून म्हणाले, “याची बाकीची बोटं राहायला पाहिजेत, भाऊ.” बारा वर्षांत पाहुण्याचं दुसरं एकही बोट गेलं नाही.

माझा राग वेगळ्या कारणासाठी होता. पाहुण्याची नखं आकड्यासारखी होती. तो नानांच्या हातावरून खांद्यावर चढायचा आणि हातावर रेघाच रेघा उठायच्या. कुणाही माणसाने हात झटकला असता. नानांना लागतच नव्हतं. रक्त शर्टाला चिकटलं की मग कळायचं. मी दर आठवड्याला त्यांचे हात धुऊन पट्ट्या बांधायचो आणि बोलायचो. जाड कापडाची लांब बाही शिवून दिली, तर ती फक्त मी आलो की घालायचे. थंडीत बल्ब बंद पडला, वीज गेली, की ते बाटल्यांत गरम पाणी भरून कपाटात ठेवायचे. हाताला चटका कळत नाही, म्हणून बाटली आधी गालाला लावून बघा, असं मी शिकवलं होतं. एका डिसेंबरात घाईत ते राहून गेलं आणि दोन्ही तळवे भाजले. दोन महिने फोड बांधत होतो. त्या वेळी मी खरंच ओरडलो. “नाना, हे जनावर देऊन टाका कुणाला तरी. हात जातील तुमचे.”

“कोणाले देऊ?” नानांनी विचारलं. “लोक त्याचं तेल काढतील.”

ते खोटं नव्हतं. घोरपडीचं तेल गुडघ्यांना चांगलं, या समजुतीने माणसं दारात यायची. एक जण तर गोणीच घेऊन आला होता. काहींचं म्हणणं उलट होतं. त्या जनावराची कातडी सोलते ती नानांच्या संगतीने, असं ते म्हणायचे. रुख्माअक्का अशांना गिरणीतून शिव्या घालून पळवून लावायच्या. पण त्या स्वतःही नानांच्या उंबऱ्याच्या आत कधी आल्या नव्हत्या. भाकरी द्यायची असली की ओट्यावर ठेवून हाक मारायच्या. नानांना त्याचं काही वाटायचं का, ते मी विचारलं नाही.

एके दिवशी त्यांनी मला पाहुण्याच्या कपाटापाशी बसवलं आणि म्हणाले, “सुनंदाचं लगीन शे. पाचोऱ्याला. भाऊ, तुम्ही जाऊन या.” त्यांना कुणी कळवलं, ते सांगेनात. मी म्हणालो, तुम्ही चला, तुम्ही बरे झालेले आहात, कागद आहे तुमच्याकडे. त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले आणि परत खाली घेतले. मी एकटाच गेलो. पंगतीत माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, “गुणी पोरगी. बाप लहानपणीच वारला बिचारीचा, मामाने वाढवली.” सासरच्यांना तसंच सांगितलं होतं. मी मान खाली घालून जेवलो आणि गाडी पकडली.

नाना दारातच बसले होते. “ती काय नेसेल व्हती?” एवढंच विचारलं. पिवळी साडी, हातभर हिरव्या बांगड्या, मी सांगितलं. “रडली का?” निघताना रडली, मी म्हणालो. पंगतीतली गोष्ट मी सांगितली नाही. हे एक तरी मी त्यांच्यापासून लपवून ठेवलं, याचं मला पुढची कित्येक वर्षं बरं वाटत होतं.

मग माझी परत धुळ्याला बदली झाली. आठवड्याच्या भेटी महिन्यावर गेल्या, नंतर दोन-तीन महिन्यांवर. मागच्या डिसेंबरात गेलो, तेव्हा नानांच्या उजव्या तळपायाला जखम होती, खोल, हाडापर्यंत गेलेली. वास येत होता. मी म्हणालो, आजच दवाखान्यात भरती व्हा. ते पाहुण्याला पाला भरवत होते. “मी गऊ तं याले कोन पाही? थंडी पडेल शे. बल्ब गेला तर एका दिवसात मरेल.” मी म्हणालो, मी याला धुळ्याला घेऊन जातो, पुढच्या शनिवारी पेटी घेऊन येतो. नानांनी माझ्याकडे पाहिलं. “नक्की या. मग मी भरती होईन.” त्या आठवड्यात आमची शोधमोहीम लागली. पुढच्या आठवड्यात अहवाल. मग नात्यातलं एक लग्न, मग घरी आलेली माणसं... कारणं होती. नाना वाट बघत राहिले. जखम वर चढत गेली. रुख्माअक्कांनी रिक्षावाल्याकरवी त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा ते तापाने बरळत होते.

दवाखान्यात पोचलो. कारकुनाने विचारलं, नातेवाईक कोण? मी म्हणालो, मुलगी आहे, घेऊन येतो. आणि पाचोऱ्याची गाडी धरली. सुनंदाचं सासरही पाचोऱ्यातच होतं. त्या गल्लीत शिरताना खांद्यावरची, रोगाचं नाव छापलेली ऑफिसची पिशवी मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे ठेवली. तिच्या सासूबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. जुना शेजारी आहे, सुनंदाला भेटायचंय, असं म्हणालो. ती बाहेर आली. तिशीच्या आतली, उंच, वडिलांसारखी किडकिडीत. तिने मला पाहिलं आणि जागीच थांबली.

“ओळखलं मी तुम्हाला,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही जीपमधून आला होतात.”

मी म्हणालो, “सुनंदा, नाना गेले. आज सकाळी.”

ती ओट्याच्या खांबाला धरून उभी राहिली. डोळे कोरडे होते. तिला रडताच येत नव्हतं. तिचे वडील या घराच्या हिशेबी केव्हाच वारलेले होते. सासूबाई सूप थांबवून आमच्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, “तू आली नाहीस तरी चालेल. मी करतो सगळं. लग्नात काय सांगितलं होतं ते मला माहीत आहे. नानांना मी ते कधी कळू दिलं नाही.”

“त्यांना कळू दिलं नाही?” ती म्हणाली. “बाबांनीच मामाला चिठ्ठी पाठवली होती. बाप मेला म्हणून सांगा, म्हणजे कुणी विचारणार नाही. मी वाचलीये ती.” मग ती सासूकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, “आई, माझे वडील आज वारले. लग्नात सांगितलं ते खोटं होतं. त्यांना महारोग झाला होता, तो बराही झाला होता. मी जळगावला चालले.” सासूबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. आतून तिचा नवरा बाहेर आला, त्याने सगळं ऐकलं होतं. ती त्याच्याकडे बघत थांबली. तो दारातच उभा राहिला, त्याने चपला घातल्या नाहीत. ती पायात होत्या त्याच चपलांनी निघाली.

गाडीत ती एकदाच बोलली. “मी एकदा आले होते मेहरूणला. लांबून पाहिलं. दारात उन्हात बसले होते, हातावर ते जनावर होतं, आणि त्याच्याशी काहीतरी बोलत होते. मी पुढे गेलेच नाही... परत फिरले.”

अंत्यविधी संध्याकाळच्या आत उरकला. आम्ही चौघं होतो : सुनंदा, मी, रुख्माअक्का आणि रिक्षावाला. कमलताई आल्या नाहीत. सगळं झाल्यावर खोलीवर गेलो. कपाट रिकामं होतं, बल्ब गेलेला होता. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, “इकडे या,” आणि आम्हाला गिरणीत घेऊन गेल्या. इंजिनाच्या उबेला, पिठाने पांढऱ्या झालेल्या गोणपाटात गुंडाळलेला पाहुणा पडला होता. अक्कांनी त्याला स्वतःच्या हातांनी उचलून तिथे ठेवलं होतं, नानांच्या खोलीत शिरून. मी गोणपाट बाजूला केलं. बराच वेळ काही हललं नाही. मग त्याने एक डोळा उघडला.

मी त्याला धुळ्याला आणलं. घरच्यांनी दोन दिवस कुरकुर केली. मागच्या अंगणाला लागून नवं कपाट उभं केलं आहे. पहिले बारा दिवस त्याने काही खाल्लं नाही. आता खातो, पण अंगाला हात लावू देत नाही.

सुनंदाचं बरं चाललेलं नाही. तिचा नवरा तिसऱ्या दिवशी येऊन तिला घेऊन गेला, पण घरात तिचं ताट-पेला आता वेगळा ठेवतात. मी आमच्या डॉक्टरांना घेऊन पाचोऱ्याला गेलो. तिला काही झालेलं नाही, होणारही नाही, हे समजावून सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, आम्हाला चहा दिला आणि आमचे कप मोरीत न ठेवता बाहेर दगडावर ठेवले. तिचा नवरा ते बघत होता. तो तिच्याच ताटात जेवतो, असं सुनंदाने मला जाताना सांगितलं.

मागच्या रविवारी ती एकटीच धुळ्याला आली, पिशवीत शेवग्याचा पाला घेऊन. मला पाहुण्याला बघायचंय, म्हणाली. जीपची गोष्ट मी त्या दिवशी तिच्यासमोर पुन्हा काढली. तेव्हा मे महिन्याचं ऊन होतं म्हणून मी जीपमध्ये बसलो, सायकलवर आलो असतो तर तुझं घर राहिलं असतं, हे सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मला तशी अपेक्षाही नव्हती. ती उठून कपाटापाशी गेली, जाळी उघडली आणि उजवा हात आत धरला.

पाहुणा बराच वेळ बघत राहिला. मग सावकाश पुढे आला आणि तिच्या मनगटावर चढला. नखं रुतली. “आई गं...” ती कळवळली. गोऱ्या हातावर रक्ताच्या तीन-चार रेघा उमटल्या. मी धावत कापूस आणायला निघालो.

“राहू द्या,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते, पण हात तिने तसाच धरला होता. “थोडा वेळ बसू द्या त्याला.”

“लागतंय ना पण?”

“हो,” सुनंदा म्हणाली. “खूप लागतंय.”